यंदाच्या राशीला दादा उभा राहील

ती. आई-अण्णांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

अण्णा, रागावू नका. सोयाबीनच्या राशीचं मी दादाशी बोलून ठरवून टाकलंय. यंदा मशीनपाशी तो उभा राहील. तुम्ही भुसा बसल्यावर, संध्याकाळी पोती मोजायला जा. हिशेब तुमच्याकडंच राहील. तुमच्यानं होत नाही असं नाही हो. पण मागच्या राशीची रात्र डोळ्यांपुढून हलत नाही. बाजेवर ओणवे बसला होतात, आई पाठ चोळत होती, आणि मला म्हणालात, "तू झोप माय, सकाळी गाडी आहे." ताप आला की ज्या खांद्यावर घालून मला दवाखान्यात न्यायचात, तेच खांदे श्वासासाठी वरखाली होत होते.

दम्याच्या निळ्या पंपानं तेवढ्यापुरता दम मोकळा होतो, आतली सूज तशीच राहते. सुजेचा पंप डॉक्टरांनी वेगळा लिहून दिलाय, तो दम नसला तरी रोज घ्यायचा. "पंपाची सवय लागते" हे पारावरचं बोलणं सोडा. त्यात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, तुम्ही दम लागला की दुकानातून आणता त्या गोळ्यांत मिलिग्रॅममध्ये, म्हणजे कितीतरी पट जास्त. साखर वाढते ती त्या गोळ्यांनी. आणि दिवाळीत पाहिलं, पंप दाबताच तोंडातून पांढरा फवारा बाहेर आला. औषध सगळं हवेत! म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची नळी, पाठवलाय.

आशाताईंशीही बोलले. गावात दमेकरी तुम्ही एकटे नाही. सगळ्यांना एकदा मारुतीच्या देवळात बसवून पंप धरायला शिकवायचं ठरलंय. फिनलंड देशात 1994 पासून दहा वर्षं असंच केलं. नर्सला, औषध दुकानदाराला, पेशंटला शिकवलं, आणि दम्यापायी दवाखान्यात काढायचे दिवस निम्म्याहून कमी झाले. त्या दिवशी तुम्ही पुढं बसा. बांधावर पऱ्हाट्या पेटवू नका, हेही तुम्हीच सांगा. तुमचा शब्द गाव मोडत नाही.

आई, अंघोळीचं पाणी तुराट्यांवर तापवणं आता बंद. गिझरवाला गुरुवारी येतोय. तुझ्या चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला नाही, मला का ठाऊक नाही? पण त्या धुरानं तुझेही डोळे गेलेत.

रोजचा पंप देवळीत, ब्रशशेजारी ठेव. आधी पंप, मग दात, म्हणजे चूळ आपोआप भरली जाते. निळा कायम अण्णांच्या खिशात. त्यानं उतार पडला नाही, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर रात्रीचे दोन असोत, दादाला उठवायचं. त्याला सांगून ठेवलंय, गाडीत तेलही भरून ठेवायला लावलंय.

तुमची लेक