रस्त्याकडेची माणसेही महाबळेश्वरचीच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगत पत्रे आणि निळी ताडपत्री टाकून राहणाऱ्या कुटुंबांना उपरे ठरवणे अन्यायाचे आहे. वेण्णा तलावाकाठी घोड्याचा लगाम धरून चालणारा, हॉटेलांच्या चादरी धुणारा, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर वाकून प्लास्टिकचे आच्छादन अंथरणारी, कणसे भाजून विकणारी अशी माणसे या झोपड्यांतून कामाला निघतात, आणि त्यांच्यावाचून इथला हंगाम एक दिवसही चालणार नाही.

हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. डोंगरउतार आणि जंगल जपलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण अशा क्षेत्रात बांधकामांवर जे निर्बंध असतात, त्या नियमांचा बडगा आधी झोपडीवर पडावा आणि बड्या बांधकामांना मुदतींमागून मुदती मिळाव्यात, हे कोणत्या न्यायात बसते? मुंबईतील पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही. राहत्या झोपडीला मात्र त्या कायद्याचे संरक्षण नाही, आणि खरी अडचण इथेच आहे.

वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावात पावसाळ्याच्या तोंडावर कोणाचेही छप्पर काढू नये. कामगारांसाठी भाड्याच्या घरांची जागा विकास आराखड्यातच राखून ठेवावी, आणि ती ठरवताना या कुटुंबांना बैठकीला बोलवावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, वाई