ऑफसेट नंतर बघा, आधी बॉल कुठं जातोय ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या रविवार पुरवणीत गोल्फवर अर्धं पान आलं, बघून फार बरं वाटलं, कारण आपल्या बेळगावात गोल्फ म्हटलं की लोकांना २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फच्या मैदानात शिरलेला बिबट्याच आठवतो, शाळा बंद, हत्ती आणून शोध, बास, खेळाबद्दल कोण लिहीत नाही. पण त्या लेखात एक वाक्य होतं की नवीन माणसानं जास्तीत जास्त ऑफसेट असलेलेच आयर्न, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याचे क्लब, घ्यावेत, ते वाचल्यावर गप्प बसवेना. ह्याच सल्ल्यापायी माझ्या भाच्याचं वर्ष वाया गेलंय.

माझं उद्यमबागात मशिनशॉप आहे, क्रँकशाफ्टचं काम, त्यामुळं ऑफसेट हा शब्द आमच्या रोजच्या तोंडातला. आयर्नमध्ये त्याचा अर्थ इतकाच की शाफ्ट ज्या नळीत बसतो त्या होझेलच्या पुढच्या कडेपेक्षा फेसची (बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूची) खालची कड किती मागं आहे. पातळ ब्लेडमध्ये, म्हणजे कसलेल्यांच्या आयर्नमध्ये, सात नंबरच्या क्लबला दोन-अडीच मिलिमीटर, नवशिक्यांसाठीच्या जाड सेटमध्ये चार-पाच, लांब (कमी नंबरच्या) आयर्नमध्ये आणखी जास्त, आणि वेजकडं (जवळच्या फटक्यांच्या क्लबकडं) येईल तसं कमी होत जातं. फेस मागं असल्यानं बॉलपर्यंत पोचायला त्याला जरा उशीर होतो, तेवढ्यात तो बंद व्हायला वेळ मिळतो, म्हणून ज्याचा बॉल उजवीकडं पळतो, स्लाइस होतो, त्याला फायदा. इथपर्यंत लेख बरोबरच आहे. (मी सगळीकडं उजव्या हातानं खेळणाऱ्याचंच बोलतोय.)

पण बॉल डावीकडं जाणाऱ्याचं काय? आमचा भाचा हॉकीतून आलेला पोरगा. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकात सुवर्णपदक मिळवलेल्या संघातले बंडू पाटील आपल्याच गावचे, हॉकी इथल्या पोरांच्या हातात आहे, मनगट असं झटकन फिरतं की बघत राहावं. त्याचा फेस आधीच लवकर बंद होतो. पुण्याच्या एका दुकानात गेला, त्यांनी एक बॉलसुद्धा मारायला न लावता, नवीन आहेस ना मग हाच घे म्हणून सगळ्यात जास्त ऑफसेटचा सेट गळ्यात मारला. आला तो पहिल्या दिवसापासून बॉल डावीकडं. शिकवणाऱ्यानं ग्रिप बदलायला लावली, मग स्टान्स (उभं राहायची पद्धत), मग खांदे, पोरगं घरी येऊन जेवायचं नाही धड, मामा माझ्यात काहीतरी कमी आहे म्हणायचं. ते ऐकून पोटात तुटायचं हो.

शेवटी एका शनिवारी म्हटलं आण तो सात नंबर शॉपला. सरफेस प्लेटवर ठेवला, हाइट गेज लावला, ऑफसेट भरला पाच मिलिमीटरच्या वर. शेजारी एका ओळखीच्या निवृत्त सुभेदारांचा जुना आयर्न ठेवला, तो अडीचच्या आत. नुसतं वरनं बघितलं तरी फरक कळत होता, भाच्याच्या क्लबचा फेस डावीकडं वळल्यासारखा दिसायचा, आणि तसं दिसलं की माणूस नकळत हात वळवून तो सरळ करायला बघतो, त्यात सगळा स्विंग बिघडतो.

मग मी कागदावर हिशोब मांडला, तो मुद्दाम देतो. क्लबहेडचा वेग ताशी १२० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. पाच मिलिमीटर कापायला लागला सेकंदाचा साधारण साडेसहा हजारावा भाग. फेस सेकंदाला दोन हजार अंशांनी फिरतोय असं धरलं तरी तेवढ्या वेळात जेमतेम ०.३ अंश बंद होतो, १४० यार्डांवर ते दोन-सव्वादोन फूट झालं. म्हणजे ‘वेळ मिळतो’ हे खरं पण तो सगळा खेळ नाही. फेस मागं गेला की हेडचा गुरुत्वमध्य पण शाफ्टच्या मागं जातो, बॉल जरा उंच आणि जरा डावीकडं निघायला त्याची मदत होते. आणि जास्त ऑफसेटच्या सेटमध्ये त्याच्याबरोबर रुंद सोल (क्लबचा तळ), कडेला वाटलेलं वजन, हे सगळं येतंच, त्यामुळं कुठला गुण कुणाचा हे दुकानात उभं राहून कळत नाही.

ही कल्पना वाईट आहे असं मी म्हणत नाही. कार्स्टन सोलहाइम हा मूळचा नॉर्वेचा, अमेरिकेत इंजिनियर होता, १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये पटर (बॉल हळू ढकलायचा क्लब) बनवून त्यानं पिंग ही क्लबची कंपनी सुरू केली, आणि १९८२ चा त्यांचा आय टू आयर्न ऑफसेटवालाच होता, इन्व्हेस्टमेंट कास्टिंगचा (मेणाच्या नमुन्यावरनं ओतलेला), वजन कडेला नेलेला. फाउंड्रीच्या गावातल्या माणसाला त्याचं काम बघून मान द्यावासा वाटतो. स्लाइस करणाऱ्यांचे हाल त्यानं कमी केले. पण औषध ज्याला लागू त्यालाच द्यायचं की!

तर घेणाऱ्यांनो, आधी कुणाचातरी सात नंबर मागून तीस-चाळीस बॉल मारा आणि कुठं जातायत ते लिहून ठेवा. मग लाय बघा, म्हणजे शाफ्ट जमिनीशी किती उभा बसतो तो कोन, ते ऑफसेटपेक्षा कमी महत्त्वाचं नाही. बॉलवर मार्करनं उभी रेघ मारायची, ती फेसकडं ठेवून मारायचं, फेसवर उमटलेली रेघ सरळ असली तर ठीक, तिरकी असली तर लाय चुकतोय. डिव्हट (फटक्यानं जमिनीत पडणारा खड्डा) टाचेकडं, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, खोल पडत असला तर क्लब फार उभा आहे, बॉल डावीकडं जाणारच, मग ऑफसेटला शिव्या घालून उपयोग नाही. फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) कार्बन स्टीलचा होझेल अंश-दोन अंश सहज वाकतो, पण १७-४ स्टेनलेसचं कास्टिंग कडक असतं, जपून वाकवावं लागतं, मोडू पण शकतं. पाईप लावून घरी वाकवू नका.

लॉफ्टचं, म्हणजे फेस किती मागं कललाय त्याचं, पण विचारा. जुना सात नंबर ३४-३५ अंशांचा असायचा, आता नवशिक्यांच्या सेटमध्ये २८-३० वर आलाय. दुकानदार म्हणतो बघा वीस यार्ड लांब गेला, अहो तो जुन्या हिशोबानं सहा नाहीतर पाच नंबरच आहे. आणि आपल्याकडं जुलैत जमीन पाणी पाणी असते, तेव्हा रुंद सोल चिखलात कमी रुतते, एप्रिलच्या कडक जमिनीवर तीच सोल आपटून उसळते, हे शहराच्या दुकानात कोण सांगणार.

भाच्यानं तो सेट निम्म्या किमतीला विकला आणि जुना, कमी ऑफसेटचा घेतला. बॉल अजून डावीकडं वळतोच, पण आता झाडीत जात नाही, ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) कडेला पडतो, आणि पोरगं परत पोटभर जेवतंय.

पुढच्या लेखात ते वाक्य दुरुस्त करून छापा एवढीच विनंती. आणि कुणाला आपल्या आयर्नचा ऑफसेट मोजून पाहिजे असेल तर शनिवारी संध्याकाळी उद्यमबागात घेऊन या, पैसे घेणार नाही, पत्ता तुमच्या ऑफिसात ठेवलाय.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव