कासवाची गोष्ट

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, की छोटीला आता सातवे वर्ष लागेल, तिच्या वर्गातली बरीच मुले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्लासला जाऊ लागली आहेत, तर तिलाही घालावे का, की आधीच उशीर झाला आहे? मी त्या वेळी "विचार करून सांगतो" एवढेच म्हणालो, कारण तुझ्या आवाजातली काळजी मला ऐकू येत होती आणि तिची बोळवण दोन वाक्यांत करणे मला बरे वाटले नाही.

आधी एक प्रसंग सांगतो, तो तुला ठाऊक नाही. गेल्या खेपेस मी तुमच्याकडे होतो, तेव्हा एका दुपारी छोटी मला गोष्ट सांगत बसली होती. एका कासवाला पाठीवरच्या घराचा कंटाळा आला, म्हणून त्याने ते घर एका बेडकाला भाड्याने दिले आणि ते उघड्या पाठीने फिरायला निघाले. चालत चालत नदीकाठी पोचले आणि तिथे गोष्ट अडली. मी विचारले, "मग पुढे काय झालं?" ती ओठ मुडपून छताकडे बघत राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "थांबा आजोबा, फोनला विचारते." फोनने तत्काळ सांगितले, की नदीकाठी कासवाला एक शहाणा मित्र भेटला, आपले घर किती मोलाचे आहे हे त्याला समजले आणि ते आनंदाने परतले. भाषा शुद्ध होती, गोष्ट नीटस होती. छोटी "संपली" म्हणाली आणि उठून गेली. भाडेकरू बेडकाचे काय झाले, हे त्या उत्तरात नव्हतेच. तिलाही ते विचारावेसे वाटले नाही, याची मला फार रुखरुख लागली.

छताकडे बघण्याचा तो क्षण माझ्या मनातून जात नाही. काही सुचत नाही, पण सुचण्याच्या अगदी बेतात आहे, अशी ती अवस्था असते आणि ती मोठ्यांनाही नकोशी वाटते. तरीही नवे म्हणून जे काही माणसाला सुचते, ते त्याच जागी मन अडून बसल्यावर सुचते. उद्याच्या जगासाठी छोटीला काय शिकवावे, असा तुझा प्रश्न असेल, तर माझे म्हणणे एवढेच आहे, की तिला त्या जागी थांबता आले पाहिजे आणि आपण मोठ्यांनी तिला तिथून घाईने उठवता कामा नये.

ही यंत्रे गोष्ट कशी रचतात, हे तू माझ्याहून अधिक जाणतेस. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्यांना पुरवलेला असतो, आणि आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधत ती एकेक तुकडा जोडत जातात. म्हणून त्यांचे उत्तर बहुधा मळलेल्या वाटेने जाते. घर सोडून गेलेले पात्र शहाणे होऊन घरी परतते, कारण हजारो गोष्टींत ते तसेच परतलेले असते. २०२४ साली 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लघुकथा लिहिणाऱ्या काही जणांना यंत्राने सुचवलेल्या कल्पना पुरवल्या होत्या. वाचकांना त्यांच्या कथा अधिक सरस वाटल्या, पण त्या कथा एकमेकींशी अधिक मिळत्याजुळत्याही निघाल्या. लिहिणाऱ्या प्रत्येकाचा थोडा थोडा फायदा झाला आणि सगळ्यांच्या मिळून होणाऱ्या साठ्यातले वैविध्य कमी झाले. हे मोठ्या माणसांचे झाले. जिची स्वतःची वाट अजून पडायचीच आहे, अशा मुलीच्या पायाखाली पहिल्याच पावलाला मळलेली वाट आणून ठेवली, तर काय होईल याचा विचार कर.

मला हे बोलण्याचा अधिकार कितपत आहे, असेही वाटते, कारण ते यंत्र आज जे करते, तेच मी तुझ्या बाबतीत केले होते. तू पाच वर्षांची असताना बुटांच्या खोक्याचे घर बनवले होतेस. त्याला चार खिडक्या होत्या, त्यांतल्या दोन जमिनीला टेकलेल्या, आणि दार छतावर होते. मी दमून आलो होतो. लेकीला मदत करावी, अशा समजुतीने मी छतावरचे दार चिकटपट्टीने बंद केले, समोरच्या भिंतीत पट्टी लावून सरळ दार कापले आणि त्याची उघडझापही करून दाखवली. तू काही बोलली नाहीस. रात्री झोपताना तू आईला म्हणालीस, "पण तिथं पक्षी राहणार होते." तिने ते मला सकाळी सांगितले. मी चिकटपट्टी काढायला गेलो, तर पुठ्ठ्याचा वरचा थरच तिच्याबरोबर निघून आला. त्या खोक्याला तू पुन्हा हात लावला नाहीस. तेव्हा मागायला हवी होती ती क्षमा आज मागतो. "दार वर का गं?" एवढे विचारले असते तरी पुरले असते.

यंत्र आणि मूल यांचे हाडवैर आहे, असे मात्र मी मानत नाही. १९६७ साली सिमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो नावाची संगणकभाषा तयार केली. तिच्यात पुढे एक कासव आले; आधी जमिनीवर चालणारे छोटे यंत्र म्हणून, मग पडद्यावर. त्याला १०० पावले पुढे जा, ९० अंशांनी उजवीकडे वळ, अशा आज्ञा चार वेळा दिल्या, की चौकोन पुरा होतो. वर्तुळ काढायचे असेल आणि मूल अडले, तर पॅपर्ट त्याला सांगत, की तूच कासव हो आणि चालून बघ. मूल खोलीत गोल फिरते आणि त्याच्या ध्यानात येते, की आपण जरासे पुढे जातो, जरासे वळतो, पुन्हा जरासे पुढे जातो. आज्ञा चुकली, की कासव भलतीकडे जाते. मग चूक कुठे झाली, हे शोधण्यातच अर्धा खेळ असतो. त्या कासवाला मुलाने सांगेपर्यंत काहीच येत नव्हते, म्हणजे शिकवणारे मूल होते आणि शिकणारे यंत्र होते. तू ज्या क्लासची चौकशी करते आहेस, तिथे छोटी यंत्राला शिकवणार आहे, की यंत्राने दिलेले उत्तर सजवून दाखवणार आहे, हे प्रत्यक्ष बसून बघ. पहिले असेल तर जरूर घाल. दुसरे असेल तर घाई नको. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात लोकांपुढे आले, तेव्हा छोटी शाळेतही जात नव्हती. तेवढ्या काळात ही साधने किती पालटली, ते आपण पाहतोच आहोत. ती कमावती होईल तेव्हा आजच्या क्लुप्त्यांतली एखादी तरी उरेल, असे मला वाटत नाही.

आणखी एका गोष्टीविषयी मी अस्वस्थ आहे. छोटीने चित्र काढले, की त्याचा फोटो लगेच सगळ्यांना जातो, शाबासक्या येतात, आणि आता स्पर्धा व पदकेही सुरू झाली आहेत. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुले त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितले, की चित्र काढले तर सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात तीच रंगीत पेने पुन्हा समोर ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. बक्षीस गेले आणि जाताना आवडही घेऊन गेले. म्हणून तुला कळकळीने सांगतो, की तिच्या चित्राला "छान" म्हणण्याआधी त्याच्याजवळ बस आणि "यात काय चाललं आहे?" असे विचार. ती बोलेल, आणि बोलता बोलता तिला त्यात आणखी काही सुचेल.

ती "मला कंटाळा आलाय" म्हणाली, की तुझा हात फोनकडे जातो, हे मी पाहिले आहे. तू नोकरी करून दमतेस, त्यामुळे तुला दोष देत नाही. पण पुढच्या वेळी अर्धा तास काहीच देऊ नकोस. पहिली दहा मिनिटे ती कुरकुर करेल, मागे मागे फिरेल; तेवढी सोस. पाठांतर, पाढे, शुद्धलेखन यांनाही रजा देऊ नकोस. कल्पनाशक्ती वाढवायची म्हणून मुलांच्या डोक्यात काहीच भरायचे नाही, हे मला पटत नाही, कारण कासव आणि भाडेकरू या दोन्ही गोष्टी ठाऊक नसत्या, तर तिने त्यांची सांगड कशी घातली असती?

आणि फोनला विचारायचेच असेल, तर आधी तिचा शेवट तिने सांगावा, तू तो कागदावर लिहून घ्यावास आणि मग यंत्राकडून तीन निरनिराळे शेवट मागावेत. त्या तिघांत सारखे काय आहे, ते तिलाच शोधू दे. बेडूक कुणाच्या लक्षात राहिला, हेही विचार.

पुढच्या महिन्यात मी येतो आहे. तोवर रिकामी खोकी टाकून देऊ नकोस, मला हवी आहेत. कासव अजून नदीकाठी उभे आहे, एवढे तिला सांग, आणि आजोबांनी पुढचे विचारले आहे म्हणावे. पण घाई नाही.

तुझे,
बाबा