बैठक नको, लग्नपत्रिका पाठवा

भांडुप, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "मी आणि थोरले मामा शनिवारी निघतो. जावयाच्या घरच्यांना बोलावून बैठक घेऊ, चार माणसांत विषय मिटवू." मी काही बोलायच्या आत आईने फोन घेतला आणि ती रडायला लागली. मग माझं सांगायचं राहूनच गेलं. फोनवर आपण तिघं एकमेकांचं ऐकत नाही, म्हणून लिहिते आहे. सोन्या झोपलाय. पत्र मोठं होणार. बाबा, आईला वाचून दाखवाल तेव्हा मधलं काही गाळू नका.

आधी माफी मागते. गेल्या वर्षी शिमग्याला आम्ही तिघं गावी आलो, पालखी आपल्या अंगणात नाचली, आम्ही दोघं शेजारी उभे होतो. तेव्हा मी बोरिवलीचं घर सोडून भांडुपला भाड्याने राहायला येऊन दोन महिने झाले होते. तुम्हाला सांगितलं की सोन्याची शाळा आणि माझी नोकरी जवळ पडते. यंदा मी एकटी आले आणि आईने चुलीपाशी बसवून विचारलं, तेव्हा खोटं बोलवेना. चौदा महिने तुमच्यापासून लपवलं, ते चुकलं.

पण घटस्फोटाचा निर्णय झालेला आहे, आणि तो आम्हा दोघांचा आहे. त्याने कधी माझ्यावर हात उचलला नाही, व्यसन नाही. बाबा, तुम्ही तीनदा विचारलंत म्हणून लिहिलं. बाकीची कारणं मी आईला समोर बसून सांगेन. ती बैठकीत मांडायची नाहीत. थोरले मामा मला लहानपणापासून प्रिय आहेत, पण त्यांच्यासमोर आणि दिरांसमोर माझ्या संसाराची एकेक गोष्ट उलगडली जाणार, मग कुणीतरी म्हणणार "थोडं तू सोस, थोडं तो सोसेल", आणि तुमच्या मानासाठी मी मान हलवणार. तसं एकदा झालंय, सोन्या दोन वर्षांचा असताना. पुन्हा नको.

बाबा, तुम्हाला कोर्टाची धास्ती का आहे ते मला माहीत आहे. हद्दीच्या गडग्याच्या दाव्यापायी एकोणीस वर्षं तुम्ही कापडी पिशवीत कागद घेऊन तालुक्याला जात होतात, बेस्टची रजा घालवून. दर वेळी "पुढची तारीख" घेऊन परत. निकाल लागला तेव्हा काका हयात नव्हते. तुमच्या मनात कोर्ट म्हणजे ती पिशवी आहे. म्हणून नीट समजावून सांगते, हे कोर्ट वेगळं आहे.

कुटुंब न्यायालयं १९८४ च्या कायद्याने वेगळी काढली. मुंबईचं वांद्रे पूर्वेला, बीकेसीत आहे. मी कुर्ल्याला उतरून रिक्षाने जाते. तिथे न्यायाधीशांवर कायद्यानेच जबाबदारी टाकली आहे की आधी समेट होतोय का ते पाहायचं. त्यासाठी समुपदेशक नेमलेले असतात. म्हणजे तुम्ही ज्या कामासाठी मामांना घेऊन येताय, ते काम तिथे एक शिकलेली, त्रयस्थ बाई करते. आम्हाला एकेकट्याला आणि मग एकत्र बसवून विचारते. तिथे कुणी कुणाचा मामा नसतो, त्यामुळे खरं बोलता येतं.

आमचा अर्ज परस्परसंमतीचा आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब. अट अशी की नवरा-बायको किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. वेगळं राहणं म्हणजे वेगळं घरच हवं असं नाही; एका छपराखाली असूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर तेही वेगळं राहणंच, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ साली सांगून ठेवलंय. वकीलबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्यासमोर रडले. बोरिवलीत शेवटचं दीड वर्ष आम्ही दूध, लाईट बिल आणि सोन्याची फी एवढंच बोलत होतो. ते कुणालातरी दिसतं, कायद्यालाही दिसतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

दोघांनी मिळून अर्ज करायचा, सोबत संमतीच्या अटी, म्हणजे मुलाचं आणि पैशाचं काय ठरलं ते, लिहून द्यायच्या. मग किमान सहा महिने थांबायचं. त्यानंतर, पण अर्ज केल्यापासून अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा कोर्टासमोर जाऊन "आमचं मत कायम आहे" म्हणायचं. तोवर कुणाही एकाला संमती मागे घेता येते. आई, "उद्या त्याला पश्चात्ताप झाला तर?" असं तू विचारलंस ना, त्याची सोय कायद्यात आहे. आधीच दीड वर्ष वेगळे राहत असतील, समेटाचे प्रयत्न होऊन गेले असतील आणि मुलाचं, पैशाचं सगळं ठरलेलं असेल, तर हे सहा महिने माफ करता येतात असा २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. भांडुपला आल्यापासून मोजलं तर आमची दीड वर्षं भरलेली नाहीत. आणि बोरिवलीतला काळ धरून भरली तरी मी ती माफी मागणार नाही. सोन्याला रुळायला तेवढा वेळ हवा आहे. मलाही.

सगळं सुरळीत झालं तर गणपतीनंतर दुसरी तारीख, आणि मग हुकूमनामा. दोघांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. एकोणीस वर्षं नाहीत, बाबा. जिथे एकाला हवा असतो आणि दुसऱ्याला नको, तिथे क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग, म्हणजे जोडीदाराला सोडून जाणं, असं काहीतरी पुराव्याने सिद्ध करावं लागतं, साक्षी-उलटतपासण्या होतात, वर्षं जातात. आमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून तर मला बैठक नको आहे. आत्ता आम्ही दोघं एकमेकांशी नीट बोलतोय. बैठकीत एखादा शब्द वेडावाकडा गेला की तो फिरेल, त्याच्या घरचे हट्टाला पेटतील.

वकिलाचं सांगते. आधी मी ओळखीने एका वकिलांकडे गेले होते. त्यांनी माझं दहा मिनिटंही ऐकलं नाही. म्हणाले, "पहिली पोलिसात छळाची तक्रार ठोका, सासूचं नाव घाला, मग बघा कसे सरळ येतात." आणि फीचा आकडा सांगितला, तो माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा. मी उठून आले. सासूबाईंनी माझ्या बाळंतपणात रात्री जागवल्यात. त्यांच्या नावावर खोटं लिहून मी सोन्याला काय सांगणार? ज्या बाईला मारहाण होते, घराबाहेर काढलं जातं, तिच्यासाठी ते कायदे फार मोलाचे आहेत. आमच्या चाळीतल्या एका पोरीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यामुळेच सासरच्या घरात राहता आलं. म्हणूनच ते खोट्यासाठी वापरायचे नाहीत.

मग ऑफिसातल्या एका ताईंनी १५१०० हा नंबर दिला. तो विधी सेवा प्राधिकरणाचा. बाबा, हे तुमच्याही ओळखीपाळखीत सांगा, कारण गावात कुणालाच माहीत नसतं: १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो आणि तिचं उत्पन्न किती हे पाहत नाहीत. एक लेखी अर्ज, ओळखपत्र, थोडक्यात हकीकत. शिवाय महाराष्ट्रात १९९४ पासून घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत बायकांना कोर्ट फी माफ आहे. मला फुकटचा वकील म्हणजे कसाबसा असेल असं वाटलं होतं. ज्या बाई मिळाल्या त्यांनी दोन तास बसवून माझं ऐकलं आणि कागदाच्या मागे पेन्सिलने सगळी पायरी न् पायरी काढून दिली. हे पत्र त्या कागदावरूनच लिहिते आहे.

आता पैशाचं. बाबा, तुम्ही म्हणालात, "त्याचा एक पैसा घेऊ नकोस, मी समर्थ आहे." तुमचं पेन्शन किती आणि आईच्या गोळ्या किती रुपयांच्या हे मला माहीत आहे. माझ्यासाठी मी काही मागत नाही, माझा पगार आहे. पण सोन्याची शाळेची फी आणि दर महिन्याचा खर्च त्याचे बाबा देणार, आणि ते मी घेणार. ते सोन्याचं आहे, ते नाकारायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. रक्कम, तारीख, कुठल्या खात्यात, दर वर्षी किती वाढ, हे सगळं अटींत लिहिलंय. तोंडी काही ठेवायचं नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय. आणि सोन्याचा त्याच्या वडिलांच्या मालमत्तेतला वारसा घटस्फोटाने जात नाही. आईची ती काळजीही मिटली.

तुझी मोहनमाळ आणि पाटल्या, आई. त्या सासरच्या लॉकरमध्ये आहेत. माहेरहून आलेलं ते स्त्रीधन, त्यावर फक्त बाईचा हक्क, हे १९८५ सालीच सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. तो द्यायला तयार आहे. यादी करून अटींना जोडतोय.

सोन्या माझ्याकडे राहील. एकाआड एक शनिवार-रविवार त्याच्या बाबांकडे, मे आणि दिवाळीची सुट्टी अर्धी अर्धी. हे आम्ही ठरवलंय, पण शेवटी कोर्ट मुलाचं हित कशात आहे तेच पाहतं, आणि पुढे परिस्थिती बदलली तर हे बदलूनही मागता येतं. त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करतील ही भीती काढून टाक, आई. संमतीच्या अर्जात तसं काही नसतं. आणि एक विनंती, हात जोडून. मे महिन्यात तो गावी येईल तेव्हा त्याच्यासमोर त्याच्या बाबांबद्दल वाईट बोलू नका. परवा त्याने मला विचारलं, "आता आबा आणि बाबा एकमेकांचे कोण?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या, बाबा. चांगलं काहीतरी द्या.

"आपल्यात असं कधी झालं नाही" हे वाक्य मात्र मला पटत नाही. आजी सांगायची ना, तिच्या मावशीची काडीमोड होऊन दुसरा पाट लागला होता आणि त्या घरी ती सुखाने नांदली. काडीमोड, सोडचिठ्ठी, हे शब्द काय कोर्टाने आणलेत? आपल्याच लोकांचे आहेत. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण त्याआधी १९४७ मध्येच मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. म्हणजे आजोबा गिरणीत होते तेव्हापासून ही वाट आहे. आपल्या घरात तिच्याबद्दल कुणी बोललं नाही, एवढंच. आणि सुनावणी चारचौघांत होत नाही. बंद दाराआड चालते आणि तिचा मजकूर छापायलाही कायद्याने मनाई आहे. धाकट्याच्या लग्नाला अडचण येईल म्हणता, तर ज्या घरात मुलीची अशी पाठराखण होते तिथे मुलगी द्यायला कुणी कचरू नये असं मला वाटतं. आणि कचरलेच तर ते घर आपल्यासाठी नव्हतं.

परवा कोर्टात गेले होते, कागद दाखवायला. बाकावर तुमच्याच वयाचं एक जोडपं बसलं होतं. बाईंच्या मांडीवर डबा, काका हातात पाण्याची बाटली धरून. मुलगी आत समुपदेशकाकडे होती. तासाभराने बाहेर आली तेव्हा दोघांनी काही विचारलं नाही. बाई फक्त म्हणाल्या, "चल, आधी जेव." मी जिन्यापाशी बराच वेळ उभी राहिले.

तर मला हवंय ते इतकंच. आपण लग्नाची नोंदणी केलीच नव्हती, त्यामुळे लग्नपत्रिका लागणार आणि सप्तपदीचा एक फोटो, ज्यात दोघांचे चेहरे दिसतात. पत्रिका बाबांच्या लोखंडी पेटीत, गडग्याच्या दाव्याच्या कागदांखाली असेल. चिपळूणच्या सराफाच्या पावत्या आईच्या गोदरेजच्या वरच्या कप्प्यात, साड्यांच्या खाली. एवढं पाकिटात घालून पाठवा.

आणि पहिली तारीख २३ ला आहे. मामांना घरी राहू द्या. तुम्ही दोघंच या. २१ च्या तुतारी एक्स्प्रेसने निघालात तर पहाटे ठाण्याला उतरा, मी आणि सोन्या स्टेशनवर असू. आत तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. आई, डबा कर. भाकरी आणि ते सुकं खोबरं घातलेलं वांगं.

तुमची,
ताई