मंत्रीसाहेब, झाडं मोजता तशी दगडफुलंपण मोजा की

माननीय पर्यावरणमंत्री साहेब, स. न.

मालवणी मसाल्यातलं दगडफूल तुमच्या घरीपण असणार. ते बाजारातनं येतं, पण त्याची भावंडं आमच्या राजापूर तालुक्यात झाडादगडांवर फुकट वाढतात, त्यांच्याबद्दल लिहितोय.

गावच्या रस्त्यासाठी झाडं तोडायची म्हणून पाहणी झाली, तो कागद बघितला. आंबे इतके, फणस इतके, आणि सड्यापुढे, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळापुढे, 'पडीक'. झालं! अहो किनाऱ्यावरनं अणुस्कुरा घाटाकडे निघालात तर वाटेत दगडफुलांच्या जाती बदलत जातात. रोसेला म्हणून करडी, झुपकेदार जात आहे (लिटमसचा रंग हिच्याच गोतातला), तिला किनाऱ्याची दमट खारी हवा मानवते. वाडीत आलं की सुपारीच्या खोडावर पांढुरके चट्टे दिसतात, भिंगातनं बघा, त्यावर बारीक काळ्या रेघा, अगदी मोडीत काहीतरी खरडल्यागत, ती ग्राफिस. लोक रोग समजून खरवडतात, पण ती झाडाचं काही खात नाही, दगडफुलात बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात आणि शेवाळ उन्हावर दोघांचा स्वयंपाक करतं. सड्यावर जांभ्याला चिकटलेल्या जाती मे महिन्यात चटका बसेल एवढ्या तापलेल्या दगडावरपण तग धरतात, आणि वर घाटात धुक्यात पानासारख्या मोठ्या होतात.

यांना मुळं नाहीत, पाणी न् पोषण बरंचसं हवेतनं घेतात, म्हणून हवा बिघडली की आधी हीच मरतात. आंब्याच्या भुरी रोगावर गंधक मारणारे आम्ही बागायतदारपण यात आलो, ते मान्य.

भरपाई म्हणून रोपं लावता ते ठीक आहे, पण बऱ्याच जाती वर्षाला जेमतेम १-२ मिलिमीटर वाढतात, जुन्या आंब्यावरचा तळहाताएवढा चट्टा त्या रोपावर कधी येणार? म्हणून पाहणीत खाडी, वाडी, सडा, देवराई, घाट असं वेगवेगळं बघून दगडफुलांची नोंद घ्यायला लावा. पुण्याच्या आघारकर संस्थेत दगडफुलांचा संग्रह आहे, तिथल्या जाणकारांना विचारा.

स्वतः आलात तर उत्तमच. सुक्या करड्या चट्ट्यावर बाटलीतलं पाणी शिंपडतो, तुमच्यासमोर तो हिरवा होईल. फक्त दिवाळीच्या आधी या, उरलेली झाडं नंतर तोडणार म्हणतायत.

आपला,
राजापूर तालुक्यातला एक बागायतदार