दिव्यांच्या अवसेचं ग्रहण

सोलापूर,
गड्ड्याची जत्रा संपली त्यानंतरचा रविवार

प्रिय विज्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "२०२७चं ग्रहण भारतातूनही दिसणार आहे ना, मग इजिप्तपर्यंत कशाला जायचं? गच्चीवरून बघू की." तेव्हा घाईत होतो, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. आपल्याकडे आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. त्या दिवशी चंद्राची गडद सावली अटलांटिकवरून येईल, जिब्राल्टरपाशी स्पेन आणि मोरोक्कोला एकदमच झाकेल आणि अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त करत तांबडा समुद्र ओलांडेल. पुढे जेद्दा, मक्का, येमेन, सोमालियाचं टोक, आणि मग हिंदी महासागर. हा पट्टा जेमतेम अडीचशे किलोमीटर रुंद. खग्रास दिसणार ते एवढ्यातच. आपण त्याच्या बाहेर आहोत. सोलापुरात दुपार उतरताना सूर्याचा थोडा भाग खाल्लेला दिसेल, तोही आषाढातल्या ढगांनी दिसू दिला तर.

खंडग्रास आपण पाहिलंय की. २०२२ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, कंबर तलावाच्या काठावर. तू घरून पिठाची चाळणी आणली होतीस आणि तिच्या प्रत्येक भोकातून पुठ्ठ्यावर एकेक कोर पडली होती. सुंदर होतं ते, पण दिवस दिवसच राहिला. सूर्याचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला तरी प्रभामंडळ, म्हणजे सूर्याभोवतीचं ते फिकट तेजोवलय, दिसत नाही, तारे दिसत नाहीत. नव्व्याण्णव टक्के ग्रहण आणि खग्रास यांत एका टक्क्याचा फरक नाही रे, ती दोन वेगळी दृश्यं आहेत.

हे मी ऐकीव सांगत नाही. २२ जुलै २००९ला मी सुरतेला गेलो होतो. आभाळ गच्च भरलेलं, सूर्य काही दिसलाच नाही. पण सकाळी सव्वासहाच्या पुढे उजाडलेलं आभाळ पश्चिमेकडून काळं होत आलं, कावळे कलकलत झाडावर परतले, रस्त्यावरचे दिवे लागले आणि शेजारी उभा असलेला चहावाला नुसता हात जोडून उभा राहिला. तीनेक मिनिटांनी परत उजाडलं. ढगाआडून एवढं, तर निरभ्र आकाशात काय असेल, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

म्हणून इजिप्तमधलं लक्झर. ऑगस्टात तिथे ढग जवळपास नसतातच. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना सहा मिनिटांहून जास्त वेळ अंधार! बहुतेक खग्रास ग्रहणं दोन-तीन मिनिटांत आटोपतात. इतका वेळ का, तर जुलै-ऑगस्टात पृथ्वी सूर्यापासून लांब असते, त्यामुळे सूर्यबिंब किंचित लहान दिसतं. आणि त्या दिवशी चंद्र पृथ्वीच्या जवळ, म्हणून त्याचं बिंब मोठं. सूर्य चंद्राच्या चारशे पट मोठा आणि चारशे पट दूर, म्हणून मुळात हा खेळ जमतो. ऊन चाळिशीच्या वर असेल, पण सोलापूरचा मे महिना काढलेल्या माणसाला त्याचं काय!

आपल्या जिल्ह्यालाही एकदा हा मान मिळालाय, बरं का. २२ जानेवारी १८९८. पुण्याला जाता-येता तुला ते जेऊर स्टेशन लागतं ना, करमाळा तालुक्यातलं? तिथे पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणी घेऊन उतरले होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आले होते. चाळीस फूट! एवढ्या लांबून ते जेऊरला आले, दोन मिनिटांच्या खग्रासासाठी. त्याच सावलीसाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर विजयदुर्गावर थांबले होते. सोलापूर शहर मात्र पट्ट्याबाहेर राहिलं. जेऊर आपल्यापासून किती लांब, सांग? तेवढ्यानं हुकलं. एकाच जागी खग्रास पुन्हा यायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात. गच्चीवर बसून वाट बघायची तर एवढी बघावी लागेल.

इजिप्त अगदीच जमत नसेल तर २० मार्च २०३४ आहे. तेव्हा सावली आफ्रिकेतून अरबस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत आपल्या लडाखात, कारगिलच्या बाजूला येईल, दिवस कलायच्या सुमाराला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आपल्या देशात आहे, पण त्या दिवसांत तिथे बर्फ असतं आणि ढगांचा भरवसा नाही. २०२८ला सिडनीतही आहे, पण तो खर्च मला झेपायचा नाही. माझं मत विचारशील तर लक्झर आधी, आणि पुढे तब्येतीनं साथ दिली तर कारगिलही.

ग्रहणाचे चष्मे मी बघतो, आयएसओ १२३१२-२ हे सुरक्षिततेचं मानक छापलेले खरे असतील तेच घेईन. साधे गॉगल, एक्स-रेची फिल्म असलं काही चालणार नाही. चष्मा काढायचा तो फक्त सूर्य पूर्ण झाकला गेल्यावर, आणि सूर्याचा पहिला ठिपका चमकला की लगेच परत लावायचा.

वहिनींनाही विचार. त्या म्हणतील अवसेच्या दिवशी दिव्यांची पूजा कोण करणार. सकाळी हॉटेलच्या खोलीत करू, कणकेचे दिवे मी इथून नेतो. आणि तुझ्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते बघून याच आठवड्यात कळव, कारण लक्झरच्या खोल्या आपली वाट बघत थांबणार नाहीत.

काकूंना नमस्कार. शेंगाचटणी पार्सलनं धाडलीय.

तुझा,
अन्या