हवेच्या दाबाच्या प्रयोगांबद्दल विजयला पत्र

वाई

प्रिय विजय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत वाचनालयातल्या पोरांना हवेचा दाब शिकवायचा तुझा बेत वाचून फार बरं वाटलं. सुरुवात कशानं करू, असं विचारलंयस. भरलेल्या ग्लासवर पुठ्ठा ठेवून तो उलटा करायच्या प्रयोगानं नको. तो सगळेच दाखवतात, पोरं टाळ्या वाजवतात आणि जादू बघितल्यासारखी घरी जातात. तू स्ट्रॉनं सुरुवात कर.

एक काचेची बाटली काठोकाठ भर. काचेचीच हवी, प्लास्टिकची आत दबते आणि सगळा घोळ होतो. त्यात स्ट्रॉ घाल आणि बाटलीचं तोंड मळलेल्या कणकेनं घट्ट बंद कर, कुठे फट राहू देऊ नकोस. आता एखाद्या पोराला पाणी प्यायला सांग. गाल आत जातात, डोळे मोठे होतात, पण पाणी काही वर येत नाही. दुसरा येतो, 'मी पितो बघ' म्हणतो, त्याचंही तेच. मग अगरबत्तीच्या काडीनं कणकेला आरपार भोक पाड आणि पुन्हा प्यायला सांग. पाणी सरळ तोंडात. इथे तू गप्प बस. पोरांना आपसात भांडू दे. थोड्या वेळानं कोणीतरी म्हणतंच, 'भोकातून हवा आत गेली म्हणून.' तिथे पकड. आपण पाणी ओढत नाही, स्ट्रॉमधली हवा फक्त कमी करतो. पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं बरंचसं पोरं स्वतःच सांगतात.

आमच्याकडच्या पोरांना मी लगेच विहिरीवर नेतो. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की शेतकरी मोटर खाली का उतरवतात? वर ठेवून पाइप लांब केला तर काय बिघडतं? कितीही ताकदीची मोटर आण, काठावर बसून ती साधारण दहा मीटरच्या खालचं पाणी वर घेऊ शकत नाही, कारण बाहेरची हवा त्याहून उंच ढकलूच शकत नाही. प्रत्यक्षात तर सात-आठ मीटरलाच दम निघतो. 1643 च्या सुमारास इटलीत टॉरिचेली या शास्त्रज्ञानं पाण्याऐवजी पारा घेतला, तेव्हा तो नळीत 76 सेंटिमीटरवर थांबला. पारा पाण्याच्या 13.6 पट जड, हे सांगून गुणाकार पोरांनाच करायला लाव. दहा मीटरच्या किंचित वरचा आकडा आला की चेहरे बघ त्यांचे.

आता मेणबत्तीचा प्रयोग. यावर जरा जास्त लिहितो, कारण तो चुकीचा शिकवला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. लगेच सांगतात, 'ऑक्सिजन जळाला, त्याची जागा पाण्यानं घेतली.' पोरांना म्हणावं, नीट बघा. ग्लास ठेवताना कडेनं बुडबुडे बाहेर येतात का? मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं हलत नाही आणि विझल्यावर झपकन चढतं, असं का? मग त्याच ग्लासाखाली दोन मेणबत्त्या ठेव, मग तीन. पाणी आणखी वर चढतं. ग्लास तोच, मग ऑक्सिजन वाढला कुठून? खरी गोष्ट अशी, की ज्योतीनं हवा तापून फुगते आणि थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. शिवाय ज्योत विझते तेव्हाही आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. हे तू सांगू नकोस. मेणबत्त्या वाढवत जा आणि प्रत्येक वेळी पाण्याची उंची पट्टीनं मोजायला लाव.

थंड पेयाच्या डब्याचा प्रयोग मात्र मोठ्यांनीच करायचा. डब्यात दोन चमचे पाणी, तोंड उघडंच, गॅसवर भरपूर वाफ येऊ दे, मग सांडशीनं धरून गार पाण्याच्या परातीत झटकन उलटा कर. वाफेचं पाणी होतं आणि डबा फाटकन चेपतो. लगेच प्रश्न येईल, 'मग आपण का चेपत नाही?' तळहात उघडून दाखव. दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास एक किलो वजनाइतका दाब, पण वरून तेवढाच आणि खालूनही तेवढाच, शिवाय शरीराच्या आतूनही.

आणि सुट्टीत इकडे येणारच आहेस, तर महाबळेश्वरला वर पोचल्यावर पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली तिथेच बूच घट्ट लावून बरोबर घे. पसरणी घाट उतरेपर्यंत ती आत दबलेली दिसेल, ठाण्याला पोचेपर्यंत आणखी. समुद्रकाठी 76 सेंटिमीटर उभा राहणारा पारा महाबळेश्वरला 65 च्या आसपास भरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या मेहुण्यानं, पेरिएनं, 19 सप्टेंबर 1648 ला फ्रान्सातल्या प्युई द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी चढवून हेच पाहिलं होतं. तो डोंगर 1465 मीटर, आपला महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट 1439. मला सगळ्यात आवडतं ते हे, की दुसरी नळी पेरिएनं खाली गावात ठेवली आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमला. खालचा पारा जागचा हलला नाही, म्हणून वरचा उतरला तो उंचीमुळेच, हे ठरलं. पोरांनाही तसंच करायला सांग. एक बाटली वर बूच लावलेली, दुसरी ठाण्यातच बूच लावून घरी ठेवलेली.

मेणबत्त्यांचे आकडे आले की मला पाठव, आमच्या पोरांच्या आकड्यांशी ताडून बघू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सदाशिव